आतड्यातील गाठ साधी की कर्करोगाची, हे नेमके कशावरून ठरते?

रामबागकर, ४ फेब्रुवारी

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझ्या आईचे वय ६७ आहे. गेले सात-आठ महिने तिला शौचावाटे अधूनमधून लाल रक्त जात होते. ते मूळव्याधीचेच असणार असे समजून एका दवाखान्याने मलम आणि इसबगोल एवढ्यावर उपचार चालू ठेवले. त्या संपूर्ण काळात बोटाने साधी तपासणीसुद्धा झाली नाही. डिसेंबरात हिमोग्लोबिन ९.१ वर उतरले तेव्हा आम्ही दुसरीकडे गेलो आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घेतली. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूच्या खालच्या वळणावर, म्हणजे सिग्मॉइड भागात, सुमारे २ सेंटिमीटरचा लांब देठाचा पॉलिप, म्हणजे अस्तरातून आत वाढलेला कोंब, सापडला आणि तो त्याच वेळी तारेच्या फासाने देठासकट अखंड काढण्यात आला.

दहा दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्याचा आशय असा : ‘ट्युब्युलोव्हिलस अ‍ॅडिनोमा, हाय ग्रेड डिस्प्लेशिया. देठाच्या अधःश्लेष्मल थरात ग्रंथी आढळतात. आक्रमक कर्करोग नाकारता येत नाही.’ हा कागद ज्यांनी दुर्बीण टाकली त्या डॉक्टरांना दाखवला, तेव्हा गाठ बहुधा साधीच आहे असे ते म्हणाले. सर्जनना दाखवला, तेव्हा सिग्मॉइडचा भाग काढून टाकणे सुरक्षित ठरेल असे त्यांनी सांगितले. आमचे अण्णा रोज संध्याकाळी दिवेलागणीला एकच विचारतात, ‘साधी का ती दुसरी?’ त्यांच्या तोंडून तो शब्द निघत नाही आणि मला उत्तर देता येत नाही. गाठ साधी आहे की कर्करोगाची हे शेवटी कोणत्या आधारावर ठरते, आणि अशा अर्धवट वाक्यावर आतडे कापण्याचा निर्णय घ्यावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सूक्ष्मदर्शक, ४ फेब्रुवारी

मी विकृतिशास्त्रात (पॅथॉलॉजीत) तीस वर्षांहून अधिक काळ काम केले, आता निवृत्त आहे. इंदूरच्याच महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. आधी धीराची गोष्ट सांगतो. तुमच्या आईंचा पॉलिप अखंड निघाला आहे आणि देठ त्याच्यासोबत आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतील मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेले आहे आणि ते पुन्हा वाचता येते. दोन आठवडे त्यात गेले तरी आईंचे नुकसान होणार नाही.

आतड्याच्या भिंतीला आतून बाहेर चार थर असतात. सर्वांत आत श्लेष्मल आवरण, त्याखाली अधःश्लेष्मल थर, मग स्नायूंचा जाड थर आणि सर्वांत बाहेर पातळ आच्छादन. श्लेष्मल आवरणाच्या तळाशी स्नायुतंतूंची एक बारीक पट्टी असते, तिला मस्क्युलॅरिस म्युकोझा म्हणतात. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही, परंतु मोठ्या आतड्यापुरते बोलायचे तर साधी गाठ आणि कर्करोग यांमधली हद्द तीच आहे. पट्टीच्या आतल्या बाजूला पेशी कितीही विद्रूप झाल्या, त्यांची केंद्रके काळी, मोठी आणि एकावर एक चढलेली दिसली, तरी त्या अवस्थेला हाय ग्रेड डिस्प्लेशिया एवढेच म्हटले जाते. मोठ्या आतड्याच्या श्लेष्मल आवरणात लसिकावाहिन्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) फारच विरळ असल्यामुळे या पेशींना दूर पसरायला व्यवहारतः वाट नसते. पट्टी ओलांडून त्या अधःश्लेष्मल थरात शिरल्या की तेथे लसिकावाहिन्या आणि रक्तवाहिन्यांचे जाळे त्यांना मिळते, आणि कर्करोग हा शब्द तेथून पुढे लागू होतो. म्हणून अहवालातील ‘अ‍ॅडिनोमा’ (अस्तरातील ग्रंथींची साधी गाठ) किंवा ‘हाय ग्रेड’ हे शब्द वाचून घाबरू नये. खरा प्रश्न त्यापुढील वाक्यात आहे, की देठात दिसलेल्या ग्रंथी तेथे स्वतःहून शिरल्या की ढकलल्या गेल्या.

हा भेद नीट समजून घ्या, कारण आईंच्या पॉलिपची जागा आणि आकार पाहता तो येथे फार महत्त्वाचा आहे. सिग्मॉइडचा मार्ग अरुंद आणि त्याचे स्नायू बळकट. तेथे लांब देठाचा पॉलिप असला तर प्रत्येक आकुंचनासरशी तो ओढला जातो, पिळला जातो, त्यात रक्तस्राव होतो, आणि वरच्या साध्या ग्रंथी त्या पट्टीच्या फटींतून खाली देठात रेटल्या जातात. याला आम्ही आभासी आक्रमण म्हणतो. अशा ग्रंथी गोलसर पुंजक्यांत असतात, त्यांच्याभोवती श्लेष्मल आवरणाचीच मऊ उती आलेली असते, आणि शेजारी जुन्या रक्तस्रावाचे तपकिरी लोहकण पडलेले दिसतात. खऱ्या आक्रमणात ग्रंथींच्या कडा वेड्यावाकड्या व टोकदार असतात, काही ठिकाणी पेशी चार-पाचच्या तुकडीने सुट्या पुढे सरकलेल्या दिसतात आणि भोवतालची उती व्रणासारखी तंतुमय व कडक होऊन जाते. ही तंतुमय प्रतिक्रिया मी सर्वाधिक विश्वासाची खूण मानत आलो आहे.

तुम्ही तीन गोष्टी मागाव्यात. एक, ठोकळ्यातून आणखी खोलवरचे काप. दोन, लोहकणांसाठी पर्ल्सचे रंजन, म्हणजे लोह निळे दाखवणारा रंग. तीन, आतड्याच्या विकृतिशास्त्राचा भरपूर अनुभव असलेल्या दुसऱ्या व्यक्तीचे वाचन. शिवाय पॉलिप मधोमध, देठाच्या लांबीत उभा कापला होता का, हेही विचारा. आडवा कापला असेल तर पट्टी कोठे संपते आणि देठ कोठे सुरू होतो हेच कळत नाही, आणि ‘नाकारता येत नाही’ अशी वाक्ये पुष्कळदा त्यातूनच जन्माला येतात.

मालवा_शल्य, ५ फेब्रुवारी

मी पोटाच्या शस्त्रक्रिया करतो. सूक्ष्मदर्शक यांच्याशी सहमत आहे. सर्जनच्या बाजूने एवढेच सांगतो की समजा खरे आक्रमण निघाले, तरीही आतडे कापणे आपोआप आवश्यक ठरत नाही. देठाच्या पॉलिपमध्ये कर्करोग कोठवर उतरला आहे हे हॅगिट यांच्या १९८५ च्या वर्गीकरणाने मोजतात. तो पॉलिपच्या डोक्यात, मानेत किंवा देठात मर्यादित असेल, कापलेल्या कडेपासून किमान १ मिलिमीटर दूर असेल, पेशी फार विद्रूप नसतील, लसिका किंवा रक्तवाहिनीत त्या सापडल्या नसतील आणि सुट्या तुकड्या फारशा नसतील, तर बहुतेक वेळा पॉलिप काढणे हाच पूर्ण उपचार ठरतो. यांपैकी एखादी गोष्ट प्रतिकूल असेल तर लसिकाग्रंथींसह तो भाग काढण्याचा विचार करतात, कारण अधःश्लेष्मल थरापर्यंत पोहोचलेल्या कर्करोगांत सरासरीने सुमारे १० टक्के रुग्णांच्या लसिकाग्रंथींत पेशी गेलेल्या आढळतात. अहवालात या गोष्टी एकेक करून लिहिलेल्या असल्या पाहिजेत. त्या नसतील तर शस्त्रक्रियेचा सल्ला देणारा आणि नाकारणारा, दोघेही अंदाजाने बोलत असतात.

दुर्बिणीतून पाहतानाही बरेच कळते. ५ मिलिमीटरपेक्षा लहान पॉलिपमध्ये कर्करोग अत्यंत विरळा, २ सेंटिमीटरच्या पुढे शंका बळावते. पृष्ठभागावर खोलगट व्रण असणे, गाठ कडक लागणे, तिच्याखाली सलाइन टोचूनही ती फुगून वर न उचलली जाणे, पृष्ठभागावरील छिद्रांची नक्षी विस्कटलेली असणे, ही सगळी आक्रमणाची चिन्हे आहेत. त्या छिद्रांच्या नक्षीचे कुडो यांचे वर्गीकरण आज दुर्बीण हाताळणाऱ्यांच्या रोजच्या भाषेत आले आहे. मात्र मोठ्या पॉलिपचा वरून चिमटाभर तुकडा काढून आलेल्या ‘साधा’ या उत्तरावर विसंबू नये. कर्करोग एका कोपऱ्यात असू शकतो आणि चिमटा दुसऱ्या कोपऱ्यात बसलेला असतो, म्हणून गाठ शक्यतो अखंड काढून संपूर्ण तपासावी. आईंच्या बाबतीत हे काम उत्तम झाले आहे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून तारेच्या फासाने पॉलिप काढून दाखवला. त्यापूर्वी एवढ्या वरच्या पॉलिपसाठी पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसे.

लोकमान्यनगर, ५ फेब्रुवारी

आईंचा सीईए हा रक्ताचा रिपोर्ट काढला होता का? माझ्या थोरल्या जावेच्या वेळी तो २ च्या आत आला आणि पोटातही दुखत नव्हते, म्हणून गाठ साधी असणार असे आम्हांला सांगण्यात आले होते. हे बरोबर आहे का?

मालवा_शल्य, ५ फेब्रुवारी

ताई, हे बरोबर नाही. सीईएचा शोध गोल्ड आणि फ्रीडमन यांनी मॉन्ट्रियलला १९६५ मध्ये लावला तेव्हा त्यातून निदान होईल अशी आशा होती, पण तसे झाले नाही. सुरुवातीच्या कर्करोगात तो बहुधा वाढतच नाही, आणि धूम्रपान करणाऱ्यांत किंवा यकृताच्या आजारात कर्करोग नसताना वाढलेला दिसतो. कर्करोग सिद्ध झाल्यावर उपचारानंतर लक्ष ठेवण्यासाठी त्याचा उपयोग आहे. दुखण्याचेही तसेच आहे. आतड्यातील कर्करोग मार्ग अडेपर्यंत दुखतोच असे नाही, आणि उजव्या बाजूचा तर कित्येकदा फक्त लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगाने प्रकट होतो. पन्नाशीपुढच्या माणसाचे हिमोग्लोबिन कारणाविना उतरले तर लोहाच्या गोळ्या देण्याआधी आतडे पाहिले पाहिजे, आणि हे मी माझ्या सहकाऱ्यांनाही कळकळीने सांगत असतो. आपल्या जावेचा पॉलिप काढून तपासला होता का, ते कृपया जरूर पाहा.

सुदामानगर, ६ फेब्रुवारी

आमचा अनुभव उलट दिशेचा आहे, तो येथे उपयोगी पडेल असे वाटते. माझ्या यजमानांना वयाच्या ४४ व्या वर्षी पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हाताला लागेल अशी गाठ आली. संध्याकाळी कसकस, जेवणावरची वासना उडालेली, चार महिन्यांत ९ किलो वजन उतरले. सीटी स्कॅनमध्ये लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या जागी भिंत जाड झालेली आणि भोवती लसिकाग्रंथी मोठ्या झालेल्या दिसल्या. अहवालात कर्करोगाची शक्यता पहिल्या क्रमांकावर लिहिली होती आणि शस्त्रक्रियेची तारीखही ठरली. तेवढ्यात एका वयस्कर डॉक्टरांनी आधी दुर्बिणीतून तुकडे काढण्याचा हट्ट धरला. त्यांनी व्रणाच्या कडेचे आणि तळाचे मिळून आठ तुकडे काढले. त्यांत क्षयाचे दाणे सापडले, जीनएक्सपर्ट चाचणीही क्षयाचीच आली. सहा महिने गोळ्या झाल्यावर पुन्हा दुर्बीण टाकली तेव्हा तेथे फक्त एक पांढरी वळकटी उरली होती. ज्या कपाटात स्कॅनच्या फिल्म ठेवल्या होत्या ते उघडायलाही मी त्या सहा महिन्यांत धजत नव्हते.

सूक्ष्मदर्शक, ६ फेब्रुवारी

सुदामानगर यांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. आपल्या देशात त्या विशिष्ट जागेची गाठ म्हटली की क्षय, क्रोनचा आजार (आतड्याचा दीर्घकाळचा दाह) आणि कर्करोग या तिघांचा विचार एकत्रच करावा लागतो. स्कॅनवर हे तिघे एकमेकांसारखे दिसू शकतात. मात्र याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. तुकडा न काढताच क्षय गृहीत धरून गोळ्या सुरू केल्या, पहिले काही दिवस बरे वाटले, आणि तीन महिन्यांनी कर्करोग निघाला, असे रुग्ण माझ्या टेबलावर आले आहेत. उती हातात आल्याशिवाय कोणत्याही बाजूचे निदान करू नये, यात मला सवलत मान्य नाही.

मल्हारगंज, ७ फेब्रुवारी

माझ्या धाकट्या भावाच्या लहान आतड्यात ६ सेंटिमीटरची गाठ सापडली आणि ती काढून टाकली. अहवालात गिस्ट असे नाव आहे, पण ती साधी की कर्करोगाची असे कोठेच लिहिलेले नाही, फक्त ‘मध्यम धोका’ लिहिले आहे. पट्टी ओलांडण्याचा नियम त्याला कसा लावायचा?

सूक्ष्मदर्शक, ७ फेब्रुवारी

लावता येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो. तो नियम मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरातून उगवणाऱ्या गाठींसाठी आहे. गिस्ट ही भिंतीतील स्नायुथरात, आतड्याच्या हालचालीची लय सांभाळणाऱ्या पेशींशी नाते असलेल्या पेशींपासून तयार होते; ती मुळातच पट्टीच्या बाहेर असते, त्यामुळे ‘ओलांडणे’ या शब्दाला तेथे अर्थ उरत नाही. बहुतेक गिस्टमध्ये किट नावाच्या जनुकात बदल असतो, हे जपानमधील हिरोता आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. सीडी-११७ आणि डॉग-१ या रंजनांनी ती ओळखतात. पुढे ती कशी वागेल हे तीन गोष्टींवरून ठरवतात : आकार, ५ चौरस मिलिमीटर क्षेत्रात विभाजन पावणाऱ्या पेशींची संख्या, आणि जागा. जागेला किती महत्त्व आहे ते पाहा. ५ ते १० सेंटिमीटरची, ५ पेक्षा जास्त विभाजने नसलेली गाठ जठरात असेल तर पुढे पसरण्याचा धोका ४ टक्क्यांहून कमी, आणि तशीच गाठ लहान आतड्यात असेल तर सुमारे २४ टक्के. आपल्या भावाच्या अहवालातील ‘मध्यम धोका’ या शब्दांचा अर्थ हा आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ फुटली होती का, हे विचारा, कारण फुटलेल्या गाठीचा धोका वेगळा मोजतात. गिस्टची वाढ रोखणाऱ्या इमॅटिनिब गोळ्या द्यायच्या की नाहीत हा निर्णयही या सगळ्यावर आणि जनुकीय तपासणीवर अवलंबून असतो.

चेतापेशींशी संबंधित संप्रेरके स्रवणाऱ्या गाठींचेही असेच. १९०७ मध्ये ओबर्नडोर्फर यांनी त्यांना कार्सिनॉइड, म्हणजे कर्करोगासारखी, असे नाव दिले तेव्हा त्या निरुपद्रवी समजल्या जात. पुढे त्यांनी स्वतःच ते मत बदलले. लहान आतड्यातील अशी गाठ १ सेंटिमीटरची असतानाही लसिकाग्रंथींत पोहोचलेली आढळू शकते. आज केआय-६७ या, विभाजन पावणाऱ्या पेशींचे प्रमाण दाखवणाऱ्या, निर्देशांकावर तिची प्रत ठरते : ३ टक्क्यांखाली पहिली, ३ ते २० दुसरी, २० च्या वर तिसरी.

याउलट मेदाची गाठ स्कॅनवर मेदाच्याच घनतेची दिसते, दुर्बिणीतून पिवळसर असते आणि चिमट्याने दाबली की उशीसारखी खळगी पडून पुन्हा वर येते. तिचा तुकडा काढण्याची गरज सहसा पडत नाही.

नारायणबाग, ८ फेब्रुवारी

माझ्या पाच वर्षांच्या नातवाला शौचाबरोबर न दुखता रक्त जाते आणि डॉक्टरांनी पॉलिपची शंका सांगितली आहे. वरचे सगळे वाचून रात्रभर झोप लागली नाही.

मालवा_शल्य, ८ फेब्रुवारी

काका, निश्चिंत राहा. या वयात बहुधा एकच ज्युव्हेनाइल पॉलिप असतो. तो वर लिहिलेल्या अ‍ॅडिनोमाहून वेगळा. त्यात श्लेष्माने भरलेल्या फुगीर ग्रंथी असतात, आणि एकटा असेल तर त्यातून कर्करोगाचा धोका जवळजवळ नसतो. तो काढून घ्यावा म्हणजे रक्त थांबेल. पाच किंवा अधिक निघाले, किंवा घराण्यात कोणाला तरुणपणी आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मात्र आनुवंशिक तपासणीचा सल्ला घ्यावा.

रामबागकर, २७ फेब्रुवारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय झाले ते सांगतो.

प्रयोगशाळेने ठोकळा आणि स्लाइड अर्ज दिल्यावर दिल्या. त्या शहरातल्याच दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञ बाईंकडे नेल्या. त्यांनी ठोकळा हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि पॉलिप उभाच कापलेला आहे, पण काप देठाच्या मध्यापर्यंत पोहोचलेले नाहीत, असे सांगितले. आणखी खोलवर काप घेतले आणि लोहाचे रंजन केले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला दोन जणांना एकदम पाहता येते अशा सूक्ष्मदर्शकाशी बसवले. वर जांभळ्या, दाट, एकावर एक चढलेल्या पेशी होत्या. खाली देठात चार गोल ग्रंथी होत्या आणि त्यांच्याभोवती निळे ठिपके विखुरले होते. ते निळे ठिपके म्हणजे आईच्या त्या सात-आठ महिन्यांतल्या जुन्या रक्तस्रावाचे लोह, असे त्या म्हणाल्या. ग्रंथींभोवतीची उती मऊ होती, तंतुमय प्रतिक्रिया कोठेही नव्हती. त्यांचे मत आभासी आक्रमणाचे पडले. खातरजमेसाठी माझा भाऊ ठोकळा घेऊन अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला गेला आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पुनर्वाचन करून घेतले. तेथील अहवालही तसाच आला : ट्युब्युलोव्हिलस अ‍ॅडिनोमा, हाय ग्रेड डिस्प्लेशिया, देठातील ग्रंथी विस्थापित, आक्रमण नाही, कापलेली कड मोकळी.

शस्त्रक्रिया रद्द झाली. आईची पुढची कोलोनोस्कोपी ३ वर्षांनी आहे. संध्याकाळी अण्णांना ‘साधी’ असे सांगितले, तेव्हा ते काही न बोलता देवघरात जाऊन बसले.

सूक्ष्मदर्शक, २७ फेब्रुवारी

वाचून फार बरे वाटले. दोन कामे राहिली आहेत. पहिल्या प्रयोगशाळेकडून सुधारित अहवाल लेखी मागून घ्या, अन्यथा ‘नाकारता येत नाही’ हे वाक्य आईंच्या फायलीत राहील आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना ते नव्याने समजावून सांगावे लागेल. ठोकळा त्याच प्रयोगशाळेत परत जमा करून त्याचा क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवा. आणि आपण दोघा भावांनी वयाची चाळिशी गाठली असेल तर कोलोनोस्कोपी करून घ्यावी. आईंचा पॉलिप एवढ्या पुढच्या अवस्थेचा होता, की मुलांची तपासणी लांबवू नये.

रामबागकर, २८ फेब्रुवारी

क्रमांक लिहून ठेवला. मी ४३ वर्षांचा आहे आणि माझी तपासणी १४ मार्चला ठरली आहे. भाऊ ३९ चा आहे, त्याची पुढच्या वर्षी.